नऊ खड्डे

गेल्या कार्तिकात एका कॉलनीतून अर्ज आला. रस्त्यावरच्या सातही सप्तपर्णी तोडा. संध्याकाळ झाली की वासाने डोकं उठतं, मुलाचा दमा बळावतो. महापालिकेच्या उद्यान खात्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे अर्ज नेमाने येतात. हा घेऊन जागेवर गेलो आणि गप्पच झालो. झाडं मीच लावली होती, तेरा वर्षांपूर्वी. वास तेव्हा डोक्यातही नव्हता. चिकामुळे गुरं तोंड लावत नाहीत, खोड सरळ जातं, रोपं हवी तेवढी मिळतात, बस्स. आमच्याकडे जे मरत नाही ते चांगलं झाड.

अर्जदार बाई म्हणाल्या, "लावताना आम्हाला विचारलं होतंत का?"

म्हणून समोरच्या बाजूला नऊ झाडं लावायची ठरली तेव्हा दारोदार विचारत फिरलो. आधी माझं गणित मांडलं होतं. फुटपाथ जेमतेम पाच फूट, डोक्यावर विजेच्या तारा. गुलमोहर बाद, पावसाळ्यात त्याच्या फांद्या गाड्यांवर येतात. बहावा देखणा, पण फुलतो तेव्हा पानं झडलेली, म्हणजे ऐन वैशाखात सावली नाही. ताम्हण साहेबांना आवडतं, राज्यफूल ना! बकुळ सगळ्यांत गुणी, सदाहरित, आटोपशीर. पण वाढ इतकी सावकाश, की लावणाऱ्या नगरसेवकाच्या मुदतीत फोटोजोगं होत नाही. करंज कमी पाण्यावर तगतो, सावली दाट. पानांचा आणि शेंगांचा कचरा मात्र सोसावा लागतो.

लोकांची उत्तरं ऐका. झाड हवं, आमच्या गेटसमोर नको. बोर्ड झाकला जाईल. गाडी कुठे लावू? पक्षी घाण करतात. एका काकांनी कोनोकार्पस हे विदेशी झाड सुचवलं, गुजरातने 2023 मध्ये ज्यावर बंदी घातली तेच. मनापासून झाड मागितलं एकट्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने. "साहेब, कुठलंही लावा, दुपारी सावली पडू द्या."

आठ बकुळ, त्याच्या कोपऱ्यावर करंज. कागदावर खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. प्रत्यक्षात दीड फुटावर केबल, खाली राडारोडा. तो काढून माती-शेणखत भरून घेतलं. ठेकेदाराची माणसं रोप पिशवीसकट पुरायला निघाली होती. पिशवीत मुळं गोल गोल फिरून दोरखंडासारखी झालेली. त्यांना तिथेच उभं करून प्रत्येक गड्ड्याला बाजूने उभे छेद द्यायला लावले. हे केलं नाही, तर झाड पाच-सात वर्षं ठीक दिसतं आणि मग एका वाऱ्यात आडवं होतं. दोष मात्र झाडाच्या जातीला.

बकुळ उंचीने आहेत तेवढ्याच आहेत, त्यांतल्या दोन गेटसमोरच्या रात्रीतून उपटल्या गेल्या. करंज बराच उंच झालाय. इस्त्रीवाला रोज त्याला बादलीभर पाणी घालतो.

परवा त्याच कॉलनीतून नवा अर्ज आला. कोपऱ्यावरच्या करंजामुळे इस्त्रीची गाडी कायमची ठाण मांडून बसली आहे, सबब झाड हलवावं. अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे.