लेव्हल किती?

पावसाळ्यात पेपर दारात पडला की बाबा विचारतात, "लेव्हल किती?" म्हणजे गांधीसागर धरणाची. बाबा ब्याऐंशीचे आहेत, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून आकडा मी वाचते. धरण भरलं की १३१२ फूट, हे मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे.

बाबा विद्युत मंडळात होते. माझं लहानपण मंदसौर जिल्ह्यातल्या त्या धरणाच्या कॉलनीत गेलं. पॉवर हाऊस १९६० सालचं. तेवीस-तेवीस मेगावॉटची पाच मशीनं, सगळी मिळून ११५. निम्मी वीज मध्य प्रदेशाची, निम्मी राजस्थानची. संध्याकाळच्या पाळीला मी बाबांचा डबा घेऊन जायची, तेव्हा चपलेतूनही फरशीची थरथर जाणवायची. बाबा एक डोळा फ्रिक्वेन्सीच्या सुईवर ठेवून लॉगबुक भरत असत.

"बेटा, चाळीस मीटरवरून पाणी पडलं तर विजेच्या एका युनिटला दहाएक हजार लिटर लागतं," ते सांगायचे. म्हणजे एक मोठा टँकर! उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला की आजही मनात हिशेब होतो: एवढ्या पाण्यावर एक पंखा तेरा तास.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला आलो. पहिल्याच पावसात बाबांनी मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकरांच्या स्मारकांजवळ, पुलावर नेलं. खाली खान नदी गढूळ, फुगलेली. म्हणाले, "ही क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, आणि चंबळ आपल्या धरणात." तेव्हापासून गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी मला परकं वाटत नाही. आपण पितो ती नर्मदा. नर्मदाकाठच्या जलूदहून वीज खर्चून, घाट चढवून आणलेली. आपल्या मोरीतून निघून तीही त्याच वाटेने जाते आणि थोडीशी वीज परत देते. मला हे फार सुंदर वाटतं.

सप्टेंबर २०१९ च्या पुरात पाणी पॉवर हाऊसमध्येच शिरलं. मशीनं बुडाली. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसून होते, जेवले नाहीत. रात्री एवढंच विचारलं, "पाळीवरची मुलं वेळेत वर आली ना?"

काल रात्रभर पाऊस होता. आज पेपर भिजून आला, आकडा फिसकटलेला. बाबा म्हणाले, "उन्हात ठेव. वाळला की वाच."