वाजलं म्हणून घेतली

शनिवार, चिपळूण. रात्रीचे साडेदहा.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आई झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरात फतकल मारून दादाने बंगळुरूहून पाठवलेलं गोळ्यांचं यंत्र रिकामं करत बसले आहे. गोल थाळीसारखं, २८ कप्प्यांचं, किल्लीचं. ठरल्या वेळी वाजतं, एक कप्पा पुढे सरकतो, मग यंत्र हातावर उलटं करायचं की गोळ्या पडतात. उलटं केल्याशिवाय गप्प बसत नाही. आई म्हणते, "कोकलायला लागलं बघ."

आणलं तेव्हा आम्ही दोघं खूश होतो. त्याआधी सगळ्या पट्ट्या एका रबरबँडात, श्रीखंडाच्या डब्यात असायच्या आणि रोज फोनवर माझं एकच, "घेतलीस का गं?" त्यावर तिचं, "घेतली असेल." या 'असेल'ने माझी झोप उडायची. मध्ये सात वारांची प्लास्टिकची डबीही आणून झाली. तिच्या झाकणांवर इंग्रजी अक्षरं, त्यात दोन टी आणि दोन एस. मंगळवारच्या गोळ्या गुरुवारच्या कप्प्यातून गेल्या. मी वर सो, मं, बु अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. दमट हवेत आठवड्यात निघून आल्या. मग हे यंत्र.

तर परवा संकष्टी होती. आई सकाळपासून चहावर, दुपारी वाटीभर वऱ्याचे तांदूळ. रात्री आठला यंत्र वाजलं. आईने आज्ञाधारकपणे उलटं केलं आणि साखरेची गोळी घेऊन टाकली. ही ग्लिमेपिराइडवाली गोळी जेवणाआधी घ्यायची असते, कारण ती रक्तातली साखर खाली ओढते, आणि मागून जेवण आलं नाही तरी ओढतच राहते. चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. नऊच्या सुमारास तिला घाम फुटला, हात कापायला लागले. तिला वाटलं, उपवासाने पित्त झालं. शेजारच्या काकूंची सून नैवेद्याचे मोदक कधी होतील विचारायला आली म्हणून बरं. तिने आईच्याच साखर मोजायच्या यंत्रावर बघितलं तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग जेवायला वाढलं. या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही म्हणून रात्री दोनदा उठून पुन्हा बघितली.

मला फोन आला तेव्हा आईची पहिली तक्रार साखरेची नव्हती. "चंद्र दिसायच्या आधी पोटात गेलं गं माझ्या."

"पण जेवायचं नव्हतं तर गोळी घेतलीस कशाला?"

"वाजलं म्हणून घेतली."

यात तिचं काय चुकलं? गेले दोन महिने आम्हीच तिला घोकून शिकवलं होतं, वाजलं की घ्यायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १-०-१, म्हणजे सकाळी एक नि रात्री एक, आणि 'जेवणापूर्वी' लिहिलेलं. त्या 'जेवणापूर्वी'चं दादाने सरळ 'रात्री ८' करून टाकलं आणि मीही मान डोलावली. श्रीखंडाच्या डब्याच्या काळात असं कधी झालं नव्हतं, कारण तेव्हा ती पान वाढून मगच डबा उघडायची.

आज सकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "उपवास करता हे कधी बोलला नाहीत आजी."

"तुम्ही कधी विचारलंत?"

डॉक्टर हसले, मग उपवासाच्या दिवसाचं वेगळं लिहून दिलं. बाकीच्या दिवशी, ताट समोर आल्याशिवाय गोळी नाही. औषधाच्या दुकानात आणखी एक उजेड पडला. रक्तदाबाची टेल्मिसार्टन मी यंत्रात भरण्यासाठी पट्टीतून सोलून ठेवत होते. दुकानदार म्हणाले, "ताई, ही हवेतलं पाणी ओढते. घ्यायच्या वेळीच फोडायची." घरी येऊन बघितलं, तीन गोळ्या बोटाखाली भुगा झाल्या.

म्हणून आता सगळं नव्याने मांडते आहे. थायरॉइडची गोळी बाटलीतच येते. ती बाटली चहाच्या डब्यावर ठेवली, म्हणजे ती उचलल्याशिवाय चहा होणार नाही. गोळीनंतर अर्धा तास चहा नाही, हे तिला पटलेलं आहे, आवडलेलं नाही. साखरेच्या गोळ्या लोणच्याच्या बरणीशेजारी, पानाजवळ. रक्तदाबाची पट्टी अख्खी, देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्याला लागून. कापून एकेक गोळी वेगळी ठेवणार होते, पण कापलेल्या तुकड्याचे कोपरे धारदार असतात आणि दिसत नसलं की माणूस पत्र्यासकट गिळतो. शिवाय कापताना मुदतीची तारीख नेमकी पहिल्या तुकड्याबरोबर जाते.

यंत्रात उरलं काय? दुपारचं कॅल्शियम, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची. २८ कप्पे आणि दोन गोळ्या! दादाला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, दिवा पॅसेंजर.

निघताना आईने कालनिर्णय खाली काढायला लावलं. येत्या सगळ्या संकष्ट्यांभोवती लाल पेनाने गोल केले आणि प्रत्येकाखाली छापलेली चंद्रोदयाची वेळ मोठ्या आकड्यांत परत लिहिली, तिला चष्म्याविना दिसेल अशी. डॉक्टरांची उपवासाची चिठ्ठी टाचणीने मागे लावली. मला बरं वाटलं, आता गाडीत निवांत झोपू म्हटलं.

रोह्याच्या आसपास तिचाच फोन.

"अगं, अंगारकीचं काय लिहिलंय त्यांनी?"

"अंगारकी म्हणजे संकष्टीच ना आई. तेच."

"तेच कसं? अंगारकीला मी वऱ्याचे तांदूळसुद्धा खात नाही."

डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी पाचला उघडतो. गजर लावून ठेवलाय.