नऊ मिनिटं शिल्लक

नागपुरात कळमन्याच्या मार्केटात एका धान्याच्या अडतीवर मी हिशेब लिहिते. त्यामुळे काहीही झालं की आधी आकडे मांडायची खोड आहे. तर गोव्यात केलेल्या पोहणं-सायकल-पळणं अशा सलग शर्यतीचे मांडते. पोहणं 1 तास 4 मिनिटं. कपडे-बूट बदलणं 9 मिनिटं. सायकल 4 तास 5. पुन्हा बदलणं 8. पळणं 2 तास 55. बेरीज 8 तास 21 मिनिटं. मुभा होती साडेआठ तासांची. शिल्लक नऊ मिनिटं.

गोव्याहून येऊन दोन आठवडे झाले. पायांची आग गेली, उजव्या अंगठ्याचं नख मात्र काळं पडलंय आणि ते जाणार असं दिसतंय.

सोसायटीच्या ग्रुपवर 'आमच्या ताई आयर्नमॅन झाल्या' असं कोणीतरी टाकलं. मी लगेच खाली लिहिलं, अर्धी. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं, मिळून 113. मैलात मोजलं तर 70.3, म्हणून त्याला तेच नाव. पूर्ण शर्यत याच्या दुप्पट असते आणि तिला 17 तास देतात. 1978 साली हवाईत ती पहिल्यांदा झाली तेव्हा वाद असा होता की पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांच्यात दमाचा कोण? आपल्याकडे असला वाद पानठेल्यावर होतो आणि खर्रा संपला की मिटतो. तिथे पंधरा जण खरंच उतरले, बारा पोचले.

मी पोहायला शिकले वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. अंबाझरीच्या बाजूच्या एका तलावावर, दुपारच्या लेडीज बॅचमध्ये. पहिला महिना कठडा सोडला नाही. सासूबाई म्हणायच्या, "काऊन वं, आपल्या नळाले पाणी येत नाही का?" आता त्यांनीच मेडल देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला अडकवलंय, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण नागपूरकरांनी समुद्राची सवय करायची कुठे, हा प्रश्न कोणाला सुटला असेल तर मला सांगा. तलावात 25 मीटरच्या 76 लांब्या मारल्या की अंतर होतं, पण त्या 76 वेळा भिंत येते. भिंत आली की हळूच एक श्वास जास्तीचा घेता येतो. समुद्राला भिंत नसते हे मला मिरामारला गुडघाभर पाण्यात उभी असताना पहिल्यांदा नीट कळलं.

पाणी कोमट. त्यामुळे तरंगायला मदत करणारा तो रबरी सूट चालत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात अंग आपोआप वर राहतं, हे सुख तलावात नाही. हळू पोहणाऱ्यांनी मागे उभं राहायचं असतं. मी इतकी मागे होते की माझ्या मागे फक्त एक गृहस्थ होते आणि ते चष्मा पुसत होते. पोहताना दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून पुढचा बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, बघायचा असतो. मी बघायचे, बोया दिसायचा, मग मी अगदी आत्मविश्वासानं भलतीकडे जायचे. एका कयाकवाल्या मुलानं तीन वेळा वल्ह्यानं दिशा दाखवली. तिसऱ्या वेळी तो हसला. मीही हसले आणि तोंडात पाणी गेलं. घड्याळानं नंतर दाखवलं, 2 किलोमीटर 240 मीटर. म्हणजे 340 मीटर मी फुकट पोहले. घड्याळाचा पाण्यात अंदाज चुकतो म्हणतात. माझं चुकलं नसावं.

पोहण्याला 1 तास 10 मिनिटांची हद्द. मी सहा मिनिटं आधी बाहेर.

सायकलचं सांगते, कारण खरी मेहनत तिथे होती. वर्षभर दर रविवारी अमरावती रोडनं बाजारगाव, नंतर नंतर कोंढाळीपर्यंत आणि परत. नवतप्यात सुद्धा. पहाटे चारला निघायचं आणि नवाच्या आत घरी, कारण नंतर डांबर खालून भाजतं. आमच्याच गावचे डॉ. अमित समर्थ 2018 साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्यानं सायकलवर पुरी करून आले. त्याच रस्त्यांवर कधी एखादा सायकलवाला झपकन पुढे गेला की मी मनात म्हणायचे, तेच असतील. नसायचे. कॉलेजची पोरं असायची.

खायचं काय हा मोठा विषय. बाजारात जेलच्या पुड्या मिळतात, मला त्या टूथपेस्टसारख्या लागतात. पहिल्या लांब फेरीला संत्रा बर्फी नेली. कोंढाळीला पाकीट उघडलं तर नुसता नारिंगी चिखल, बोटानं चाटून खाल्ला. मग गूळ-शेंगदाण्याच्या छोट्या गोळ्या, उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून, आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ. मीठ विसरायचं नाही. घामातून ते जातं आणि माणूस नुसतं पाणी पीत राहिला तर रक्तातलं मीठ इतकं पातळ होतं की डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, जिवावरही बेततं. एकदा जुलैत मी साध्या पाण्याच्या तीन बाटल्या पिऊन परत आले आणि वाडीच्या सिग्नलला हिरवा झालेला दिवा बघत उभी राहिले. मागच्या ऑटोवाल्यानं विचारलं, "ताई, जाऊन राहिल्या का इथंच राहता?" त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीत चिमूट.

गोव्यात सायकलवर मला सगळे मागे टाकत होते. पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला बंदी, बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. हा नियम माझ्यासाठी नव्हता, कारण माझ्या पुढे बारा मीटरवर क्वचितच कोणी टिकायचं. हिशेब डोक्यात चालू होता. पाण्यात उतरल्यापासून साडेपाच तासांत सायकल संपली पाहिजे. माझ्याकडे 4 तास 17 मिनिटं. ताशी 21 च्या खाली आले की घरी. पंचावन्नाव्या किलोमीटरला चढावर चेन उतरली. उतरून, हात काळे करून, ती दातांवर बसवताना एक वयस्क बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. कोकणीत काहीतरी म्हणाल्या, मला 'बाय' एवढंच कळलं. मग आत जाऊन त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि गुपचूप माझे हात पुसले, एकेक बोट वेगळं धरून. मी घड्याळाकडे बघत होते. त्यांना थँक्यू म्हटलं की नाही तेच आठवत नाही. याची मला चेन उतरल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

सायकल जमा केली तेव्हा घड्याळात 5 तास 18. बारा मिनिटं हातात.

सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पाय आपले नसतात. जांघेपासून खाली कोणीतरी ओलं पोतं बांधलंय असं. मी सेमिनरी हिल्सवर याची तालीम केली होती, सायकल झाली की लगेच चार किलोमीटर, पण तिथे सावली होती. इथे दुपारचं ऊन आणि दमट. नागपूरच्या उन्हाचा आपल्याला गर्व असतो, पंचेचाळीस बघितलंय, सेहेचाळीस बघितलंय. पण ते कोरडं. तिथे घाम वाळतो तरी. इथे तो अंगावरच राहतो. चौथ्या किलोमीटरला गर्व संपला.

मग मी तेच केलं जे नागपुरात फुटाळा तलावाच्या काठी करायचे. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पाण्याच्या टेबलापाशी बर्फ घेऊन टोपीत. फेऱ्या होत्या, त्यामुळे ज्यांचं झालं ते मेडल गळ्यात घालून आइस्क्रीम खाताना पुन्हा पुन्हा दिसायचे. शेवटच्या फेरीत मुलं रस्त्यावरचे शंकू गोळा करत होती. एका टेबलावरची केळी खोक्यात भरून झाली होती, मला बघून एका मुलीनं खोकं पुन्हा उघडलं. मी म्हटलं, राहू दे गं. ती म्हणाली, "नाही आंटी, घ्या, तुमच्यासाठी थांबलोय." भूक नव्हती. सोलून सगळं खाल्लं.

कमानीखाली नवरा आणि लेक होते. लेकीनं व्हिडिओ काढला आहे, त्यात मी हात वर केलेला नाही, काही नाही. घड्याळ बंद करताना दिसतेय.

सोमवारी एक दिवस सुटी, मंगळवारी कामावर. शेठजींनी पेढा घेतला आणि विचारलं, "कितवी आली?" मी म्हटलं, शेवटून मोजलं तर लवकर सापडेल. त्यांनी पेढा तोंडात टाकला, सोयाबीनच्या पावत्या पुढे सरकवल्या.

सगळा ताळा लागतो, फक्त पहिल्या बदलाच्या जागची ती नऊ मिनिटं. पायांची वाळू पुसायला दोन धरा. मोजे, बूट, हेल्मेट तीन. सायकल काढून रेषेपर्यंत एक. तीन मिनिटं उरतात. नवरा म्हणतो, लांबून दिसत होतं, तू खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत होतीस.