गोळी फ्रीजवर आहे

आज गुरुपौर्णिमा. सकाळी ही निघताना, चपला घालता घालता म्हणाली, "गोळी फ्रीजवर आहे, घ्या तुमची तुम्ही." आणि गेली.

एवढंच. रात्रीचे अकरा वाजलेत, अजून डोक्यातून जात नाही.

आठ महिने रोज सकाळी चहाच्या आधी ही माझी दारू सोडायची गोळी पाण्यात विरघळवून आणते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. सुरुवातीला तर जीभ वर करून दाखवायला लावायची. ४६ वर्षांचा बाप्या मी, आणि शेजारी पोरगी दप्तर भरतेय. किती चिडायचो! आणि आज ती थांबली नाही, तर राग कसला आला मला? विश्वास बसला म्हणून गेली की कंटाळून?

अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगांना जाते, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतात त्या, तिथलंच असणार हे. तिथे सांगतात म्हणे, त्याची दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुम्हाला ती आवरता येणार नाही, बरीही करता येणार नाही. बरोबरच आहे. पण मग मी सकाळी कोणासमोर... जाऊ दे.

सासऱ्यांच्या वेळचं तर लिहायलाच नको.

खरी लाज वेगळीच आहे. दार लागलं आणि हिशोब झाला. ही गोळी, डिसल्फिराम, थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत अंगात असर राहू शकतो. त्यावर प्यायलो तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. म्हणजे आजपासून चौदा दिवस. आणि पौर्णिमेनंतर पंधरवड्याने गटारी! हा हिशोब मी केलाच नाही, तो तयारच होता. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस काढले, अल्कोहोल असतं म्हणून आफ्टरशेव्हसुद्धा सोडलं, खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचतो, आणि आत कुणीतरी पंचांग उघडून बसलंय ते बसलंयच.

काकांना, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या माझ्या गुरूला, फोन लावला. सकाळीच त्यांना गुरुपौर्णिमेचा हारफुलांचा मेसेज टाकला होता, त्यावर नुसता अंगठा आला होता.

"काका, आज ही गोळी द्यायला थांबली नाही."

"बरं. घेतलीस?"

"अजून नाही. पण मला वाटतं तिला आता माझं काही..."

"आधी गोळी घे. मग फोन कर, मग रड."

ठेवलासुद्धा. एकोणीस वर्षं कोरडा राहिलेला माणूस, आणि ही माया.

घेतली. पाण्यात न विरघळवता, तशीच. पेला रिकामा झाल्यावर जीभ वर केली. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मग एकट्यालाच हसू आलं, बऱ्यापैकी मोठ्यांदा. काकांना परत फोन केला तर ते म्हणाले, मी बँकेत आहे, गुरुवारी मीटिंगला ये.

रडायचं राहूनच गेलं.

स्ट्रिप परत फ्रीजवर ठेवली, फुटलेला खळगा वर करून, हिला दिसेल अशी. मग वाटलं, काय हा पोरकटपणा. उलटी केली. ऑफिसला निघताना परत सुलटी केली.

संध्याकाळी आली, दूध आत ठेवलं, फ्रीजचं दार गुडघ्याने लावलं. स्ट्रिपकडे बघितलं नाही. निदान मी बघत होतो तेव्हा तरी नाही.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर स्ट्रिप जागेवर नव्हती. मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी होती, माझ्या चहाच्या कपात उभी.