पोटाशी धरलेली फाईल

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये.

आज मानसशास्त्राच्या तासाला माझं प्रेझेंटेशन होतं. विषय, स्पॉटलाइट इफेक्ट. म्हणजे लोक आपल्याकडे जितकं बघतात असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा ते फार कमी बघतात. आणि हे सांगायला मी उभी कशी राहिले, तर रिकामी फाईल पोटाशी धरून. सगळं स्क्रीनवर होतं, फाईलचं काहीच काम नव्हतं. दहा मिनिटं पोट आत ओढून बोलत होते. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि पुढच्या दोन स्लाइडवर मी काय बोलले ते देव जाणे.

प्रयोग मात्र मस्त सांगितला. मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांचा, २००० साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या जणांच्या तरी हे लक्षात येईल. आलं जेमतेम पाव जणांच्या. वर्ग हसला, मॅडमनी मान डोलावली. माझ्या डोक्यात हिशेब सुरू, आपल्या वर्गात साठ जण, म्हणजे पंधरा जणांनी पाहिलंच की!

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. आधी स्वतःला शोधलं, दोन बोटांनी मोठं केलं, दंडावर येऊन अडकले. डिलीट करायला सांगावं का, यात अर्धा तास गेला. शेवटी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं, "मी कशी दिसत होते गं?" ती म्हणाली, "चांगली. का? फाईल कसली होती हातात?"

घ्या! दंड नाही, पोट नाही, जी लपवायला घेतली तीच फाईल दिसली.

हसू आलं खरं, पण मग फोटोत तिच्याकडे लक्ष गेलं. दिवाळीच्या काय, कुठल्याही सुट्टीनंतर एखादी भेटली की "बारीक झालीस" नाहीतर "सुटलीस गं" हे पहिलं वाक्य माझंच असतं. तिलाही म्हणाले होते, गेल्याच महिन्यात, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. ती तेव्हा हसली होती.

फोटोत सगळे अर्ध्या बाह्यांत आहेत. ती एकटीच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बसली आहे.