दोन नंबरच्या टेबलाची गार बाजू

भुसावळ-जळगावकडे कुठेही स्नूकरचं टेबल बसवायचं असलं की बहुतेक मलाच फोन येतो. तेवीस वर्षं हेच काम करतोय. एका टेबलाला स्लेटच्या पाच लाद्या, सगळं मिळून टनाच्या वर वजन, आणि त्यावर ताणून बसवलेलं लोकरीचं हिरवं कापड. लाद्यांच्या सांध्यावरून नख फिरव, अडकलं तर पुन्हा उघड, असं उस्तादांनी शिकवलं. अजून तसंच करतो.

त्या मे महिन्यात जळगावात राज्य मानांकनाची स्पर्धा होती. हा खेळ जन्मला 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनवर. पण मोठ्या स्पर्धा कायम लांब. जागतिक मानांकनाची इंडियन ओपन 2013 साली दिल्लीत झाली, पुढे मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम, 2019 ला कोची. दिल्लीत मुंबईचा आदित्य मेहता फायनलला पोचला आणि चीनच्या डिंग जुनहुईकडून 5-0 हरला, तरी आमच्याकडची पोरं त्या फायनलचं नाव आजही अभिमानाने घेतात. म्हणून जळगावातली ही स्पर्धा मला घरच्या कार्यासारखी वाटत होती.

दोन दिवस आधी तिन्ही टेबलं पाणसळीवर बरोबर करून दिली. स्पर्धेच्या सकाळी बाहेर 44 अंश. आयोजकांनी हॉलमध्ये चार डेझर्ट कूलर आणून लावले. वारा अंगावर आला तेव्हा मलाही बरं वाटलं. तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता.

दुपारी दोन नंबरच्या टेबलावर चाळीसगावचा एक पोरगा खेळत होता, जेमतेम एकोणीस वर्षांचा. बेस्ट ऑफ फाइव्ह, 2-2. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर एकटा ब्लॅक, म्हणजे सात गुणांचा काळा बॉल, उरला होता आणि तो चार गुणांनी मागे. ब्लॅक पडला की सामना त्याचा. ब्लॅक होता मधल्या पॉकेटच्या रोखाने, पण कोन अरुंद. अशा कोनातून मधलं पॉकेट जोरात मारलेला बॉल घेत नाही, हळू सोडावा लागतो. त्याने सोडला. इतका सुंदर सोडला की मी श्वास रोखून बघत होतो. शेवटच्या वीतभर अंतरात ब्लॅक वाकला. पॉकेटच्या कडेला लागून तिथेच उभा राहिला. समोरच्याने येऊन तो घातला आणि हात पुढे केला.

पोरगा काही बोलला नाही. क्यू, म्हणजे खेळायची काठी, खोलून पिशवीत ठेवताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "काका, टेबल ओढतंय."

कापडाला लव असते. ती बॉक रेषेकडून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, ब्लॅकच्या टोकाकडे बसवलेली असते आणि हळू जाणारा बॉल थोडा तिकडे सरकतोच. खेळणारे ते धरूनच चालतात. पण मी पाहिलं ते थोडं नव्हतं, चांगलं बोटभर होतं. पुढचा सामना थांबवून मी पाणसळ ठेवली. सहा ठिकाणी ठेवली. बुडबुडा मधोमध. स्पर्धेचे डायरेक्टर म्हणाले, "मिस्त्री, टेबल बरोबर आहे, पोरं हरली की असंच म्हणतात." मला ते पटेना. मी त्या पोराचा हात पाहिला होता.

माझ्यासोबत भाचा होता, अमळनेरचा. तो टेबलाच्या कडेने कापडावर तळहात फिरवत चालला होता. मधल्या पॉकेटपाशी थांबला आणि म्हणाला, "मामा, आठे हात ठेवा बरं. हाई बाजू गार लागी राह्यनी."

मी हात ठेवला. दोरीवरून घाईत काढलेल्या अर्ध्या ओल्या पंचासारखं कापड लागलं. मान वर केली तर समोर कूलरची जाळी, सरळ त्याच बाजूवर रोखलेली. सकाळपासून ओला वारा त्या अर्ध्या टेबलावर पडत होता. लोकर पाणी पिते, लव जड होते, हळू बॉलला धरून ओढते. मोठ्या प्रोफेशनल स्पर्धांत स्लेटखाली हीटर लावतात ते कापड कोरडं राहावं म्हणूनच. हे मला माहीत होतं. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओलाव्याची शंकाच मनात आली नाही.

मी डायरेक्टरांना म्हटलं, कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा चालू द्या. एक आयोजक दादा चिडले. प्रेक्षक उठून जातील म्हणाले. मी सांगितलं, "दादा, लोक घामेजतील, पण पोरांचे मानांकनाचे गुण या कापडावर ठरताहेत." बराच वेळ वाद झाला. शेवटी डायरेक्टरांनीच जाऊन पंपांच्या पिना काढल्या. तो आधीचा निकाल बदला, असंही मी म्हटलं. ते म्हणाले, सामना संपला, हात मिळवले, आता काही करता येत नाही. नियमाने ते बरोबरच होतं. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

रात्री हॉल रिकामा झाल्यावर टेबल हातात घेतलं. आधी ब्रश, बॉककडून ब्लॅककडे, एकाच दिशेने. मग इस्त्री. आमची इस्त्री जड असते आणि कापडाला लावण्याआधी वर्तमानपत्रावर टेकवून बघायची. कागद पिवळा पडला तर थांबायचं, नाहीतर लोकर जळते. मी तीनदा कागद बदलला. मग लवेच्या दिशेने सरळ पट्टे, कुठे न थांबता, आडवी कधीच नाही. दुसऱ्या हाताने त्या बाजूवर तळहात टेकवत होतो. चौथ्या फेरीला दोन्ही बाजू सारख्या उबदार लागल्या. पंखे चालू होते, तरी भाच्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. तो काही न बोलता दिवा धरून उभा होता.

साडेबाराला ब्लॅक आणला आणि दुपारी होता तिथे ठेवला. जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. पांढरा लावला, हळू सोडला. ब्लॅक सरळ गेला आणि मधल्या पॉकेटमध्ये पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा भाच्याला मारायला लावला, त्याचाही पडला.

पोराची चाळीसगावची गाडी संध्याकाळीच निघून गेली होती.