व्याडेश्वराचं स्पेलिंग

जानेवारीत आईचा फोन पाटात पडला. पाट म्हणजे बसायचा नव्हे, पोफळीच्या बागेत शिंपणाचं पाणी फिरतं तो. वाळकी झावळी ओढताना कमरेला खोचलेला फोन सुटला आणि थेट पाण्यात. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला. फोन सुरू झाला नाही, तांदूळ मात्र दमट झाले.

मी डोंबिवलीत नवा फोन घेतला आणि गावाकडे निघालेल्या चुलतभावाबरोबर पाठवून दिला. जुनं सिम त्यात गेलं, घंटी वाजली, आई "हॅलो" म्हणाली. मला वाटलं, काम झालं. संध्याकाळी परत फोन. "अगो, हा पासवर्ड मागतोय."

आमचं घर गुहागर तालुक्यात, गावाच्या अगदी टोकाला. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं. घरात मोबाइलची रेंज येत नाही. येते ती विहिरीजवळच्या रामफळाखाली, तीही एक कांडी, वारा पडला तर दोन. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी दादाने मस्कतहून सुट्टीवर आल्यावर फायबरचं कनेक्शन घेतलंन्. माजघरातल्या कोनाड्यात, देवांच्या बरोबर खाली, तो पांढरा डबा बसला. तेव्हापासून आई घरात बसून व्हिडिओ कॉल करते, आणि साधा फोनसुद्धा वायफायवरूनच येतो-जातो. म्हणजे वायफाय गेलं की आईचा फोन नुसता लांबच्या खोलीतला नाही, परसातल्या झाडाखालचा होतो. बहात्तर वर्षांच्या बाईने बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर यायचं, मुलीशी बोलायला.

गंमत अशी की नेट गेलेलंच नव्हतं. टीव्ही त्याच वायफायवर चालत होता आणि साडेसातची मालिका एक दिवस चुकली नव्हती. फक्त नवा फोन दाराबाहेर उभा.

पासवर्ड कुठे लिहिलाय? "कॅलेंडरवर. डिसेंबरच्या पानामागे." मग बघ ना. "मागल्या वर्षीच्या गो. ते पान पोह्याच्या पापडांखाली घातलं, आणि पापड तुझ्याकडेच आले." मी आमच्या स्वयंपाकघरातला डबा उघडला. पापड होते. कागद मी कधीच टाकला होता.

डब्याच्या खाली चिकटपट्टी असते, त्यावर बघ म्हटलं. ती आत गेली, डबा उलटा करून सगळं कागदावर उतरवून परत विहिरीवर आली. "एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. हा कुणाचा नंबर? लावून बघू का?" तो डब्याचा घरगुती पत्ता, त्यावर फोन लागत नाही, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. खालचा वायफायचा पासवर्डही तिने नीट वाचला, पण तो कारखान्यातला. दादाने पहिल्याच दिवशी बदललेला. शहाणपणच ते, पण त्या संध्याकाळी मला शहाणपण नको होतं.

मग मस्कतला फोन. तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे, दादा अजून कामावर. "सोपा आहे," म्हणाला, "व्याडेश्वर, मग ऍट, मग आईबाबांच्या लग्नाचं साल." व्याडेश्वर आमचं कुलदैवत. गुहागरच्या निम्म्या घरांचं असेल. पासवर्ड म्हणून याहून वाईट निवड करायची तर दारावर पाटीच लावायला हवी होती. पण ते नंतरचं. आधी प्रश्न हा, की व्याडेश्वर इंग्रजीत लिहायचा कसा?

"कसा म्हणजे? जसा लिहितात तसा."

तुम्ही लिहून बघा. पहिला व, व्हीने की डब्ल्यूने? 'व्या'ला एक ए की दोन? श ला एसएच की नुसता एस? पुढचा व पुन्हा व्ही की डब्ल्यू? शेवटी आर, की आर आणि ए? पहिलं अक्षर मोठं की लहान? सहा ठिकाणी दोन-दोन वाटा, म्हणजे ६४ व्याडेश्वर. मी बँकेत हिशेब बघते, मला हे आकडे लगेच दिसतात आणि त्याचा मला त्रास होतो. दादाला आठवत नव्हतं. त्याचा तेव्हाचा फोन केव्हाच गेला होता, आणि आताचा कंपनीने दिलेला, त्याने घरचं वायफाय कधी पाहिलेलं नाही.

हे देवनागरीत लिहिता आलं असतं तर एकच व्याडेश्वर होता. पण वायफायच्या पासवर्डला ८ ते ६३ चिन्हं लागतात आणि ती फक्त इंग्रजी कीबोर्डावरच्या अक्षर-आकडे-खुणांतूनच, मोकळी जागा धरून ९५. आपली बाराखडी त्यात बसत नाही. म्हणून सगळा महाराष्ट्र देवांची, गावांची, नातवंडांची नावं इंग्रजी अक्षरांत कोंबतो आणि सहा महिन्यांनी श्री ला शेवटी आय होता की डबल ई म्हणून डोकं खाजवतो.

आईने त्या संध्याकाळी अकरा व्याडेश्वर करून बघितले. प्रत्येक वेळी मी सांगायचं, तिने रामफळाखाली कागदावर लिहायचं, आत जायचं, टाइप करायचं, बाहेर येऊन "नाही म्हणतोय" सांगायचं. अकराव्यानंतर ती म्हणाली, "देवाचं नाव घेऊन झालं भरपूर, आता आरती करून झोपत्ये."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या मदत क्रमांकावर अर्धा तास गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगा बोलला. म्हणाला, मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, डबा रीसेट होईल. मी तसंच आईला कळवलं. आई आत गेली, आणि पाच मिनिटांनी फोनवर आईऐवजी शेजारच्या काकूंचा नातू. बारावीला आहे, आईची वीजबिलं भरतो, गॅस नोंदवतो, सुपाऱ्या सोलायलाही बसतो. धावत आला असावा, श्वास लागला होता. "आत्या, रीसेट नको. सगळंच जाईल."

आणि पोरगं बरोबर होतं. टाचणीने फक्त वायफायचा पासवर्ड जात नाही. कंपनीच्या माणसाने बसवताना भरलेलं कनेक्शनचं नाव, त्याचा वेगळा पासवर्ड, बाकीच्या सेटिंग्ज, हे सगळंही पुसलं जाऊ शकतं. मग चिकटपट्टीवरचा पासवर्ड चालेल, फोन वायफायला चिकटेलही, पण पलीकडे नेटच नसेल आणि टीव्हीसुद्धा बंद. कंपनीचा माणूस चिपळूणहून येणार, तो म्हणे चार दिवसांनी, म्हणजे आमच्याकडे आठ. ज्याच्याकडे कनेक्शनचे तपशील लिहून ठेवलेले आहेत त्याने खुशाल टाचणी घालावी. आमचे तपशील कोण जाणे कुठल्या पापडाखाली होते. मी त्या मुलाला शाबासकी दिली. हे लक्षात ठेवा.

त्याला मी आणखी एक विचारलं, डब्यावर डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण आहे ना, ते दाबून पासवर्डाशिवाय जोडता येईल का? पूर्वी यायचं. आता अँड्रॉइडमधून ती सोयच काढून टाकलीय. बरंच झालं म्हणायचं. त्यातला आठ आकडी पिन तपासताना डबा दोन तुकड्यांत तपासायचा, त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी जेमतेम ११,००० उरायच्या, हे २०११मध्येच उघड झालं होतं.

ऑफिसातल्या एकाने मला पासवर्ड 'फोडणारं' ॲप सुचवलं. नाव वाचूनच नको वाटलं. असली ॲप्स जाहिराती दाखवतात, फोनमधले संपर्क मागतात आणि फोडत काहीच नाहीत. शिवाय स्वतःच्या घराला कुणी सेंध लावतं का? दुसऱ्याच्या घराला लावली तर २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, मी आपलं सहज."

रात्री जेवताना मी हे सगळं वैतागून सांगत होते. लेक मान वर न करता म्हणाली, "मामाकडचं ना? माझ्या फोनमध्ये आहे की."

काखेत कळसा.

गणपतीत ती गावी होती, अर्थात वायफायवरच. मीही होते, पण दिवाळीत मी फोन बदलला, जुना एक्सचेंजमध्ये दिला, नवा कोरा सुरू केला. तिचा तोच होता. सेटिंग्जमध्ये वायफाय, वर कोपऱ्यात एडिट, स्वतःचा चेहरा दाखवला, आणि आजवर जोडलेल्या सगळ्या वायफायची यादी खाली आली. कॉलेज, दोन कॅफे, मैत्रिणीचं घर, आणि आमचं. ठिपक्यांवर बोट ठेवलं की अक्षरं दिसतात. आयफोनवर हे २०२२पासून आहे, आणि गुहागर डोंबिवलीपासून कितीही लांब असो, चालतं. अँड्रॉइडवर १०व्या आवृत्तीपासून क्यूआर कोड निघतो, बोटाचा ठसा घेऊन, आणि बऱ्याच फोनांत त्याच्याखाली पासवर्ड लिहिलेलाही असतो. जो आत आहे त्याला विचारायचं, इतकं साधं होतं.

आणि पासवर्ड? माझ्या ६४ व्याडेश्वरांत तो नव्हताच. दादाने घाईत शेवटच्या आरआधीचा ए खाल्ला होता. व्ही, वाय, ए, डी, ई, एस, एच, डब्ल्यू, आर. 'व्याडेश्व्र' झाला होता, व चा पाय मोडलेला. तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यानंतर कुणी तो हाताने टाइप केलाच नाही. टीव्ही आणि आईचा फोन दादाने त्याच दिवशी जोडले, कॅलेंडरवर लिहायला आईला मराठीत 'व्याडेश्वर' असं सांगून मोकळा झाला, आणि पुढे जो येईल त्याच्यासमोर क्यूआर धरला. कॅमेरा रोखला की झालं. त्या चौकडीत पासवर्ड उघडा, साध्या अक्षरांतच असतो, पण तो फोन वाचतो, माणूस नाही. घरभर पासवर्ड फिरत होता आणि घरात तो कुणालाच माहीत नव्हता.

रात्रीचे साडेनऊ. आई परत विहिरीवर, हातात पेन. मी एकेक अक्षर सांगितलं, तिने लिहून घेतलं, आत गेली, आली. "नाही म्हणतोय."

अशक्य. वाचून दाखव. "व्ही, वाय, ए, डी, ई..." बरोबर होतं. मग टाइप काय केलंस? थोडं थांबून कळलं. तिने कागदावर सगळी अक्षरं देवनागरीत लिहिली होती. 'ई' असं लिहिलेलं बघून तिने आत गेल्यावर ईसाठी जे दाबायचं ते दाबलं, म्हणजे आय. आपल्याला 'ई' म्हटलं की वेलांटी दिसते, त्यात तिची काय चूक? ऍटची खूण मात्र पहिल्या झटक्यात सापडली होती. "जिलबीतला ए ना? दिसला."

मी म्हटलं, ई म्हणजे एलिफंटचा. तीन आडव्या काड्या. आणि चौकटीशेजारचा डोळा दाब म्हणजे लिहिलेलं दिसेल. आणि यादीत ज्या वायफायच्या नावाच्या शेवटी पाच आहे ते निवडू नको, ते चिऱ्याच्या भिंतीपलीकडे पोचत नाही, दुसरं घे.

फोन बंद झाला. मी ओट्याशी उभी. सात-आठ मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर माजघराचं आढं, मग आईचं कपाळ.

शिमग्याला गेले तेव्हा पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. ब्राउझरमध्ये तो एकशे ब्याण्णवचा पत्ता घातला, चिकटपट्टीवरचं नाव-पासवर्ड देऊन डब्याच्या आत शिरले. कोण कोण जोडलंय याची यादी तिथे दिसते. टीव्ही. आईचा फोन. माझा फोन. आणि चौथा. एकट्या बाईच्या घरात चौथा कोण? नुसतं मॉडेलचं नाव होतं, माणसाचं नाही.

नवा पासवर्ड आईने ठरवला, सगळे आकडेच. "अक्षरं नकोत गो, आकड्याला स्पेलिंग नसतं." आठ आकडे फार थोडे होतात म्हणून मी चौदा मागितले. तिने दोन जुने नंबर एकापुढे एक जोडले, तिला पाठ असलेले आणि आता कुठेच वापरात नसलेले. सेव्ह केलं, टीव्ही गपकन थांबला, आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी दहावीनंतर पाहिली नव्हती. रिमोटच्या बाणांनी चौदा आकडे भरत होते तोवर पडवीत चप्पल वाजली.

"आजी, तुमचं नेट गेलंय काय?"

शेजारचा नातू. मी विचारलं, तुला रे कसं कळलं? तो अंगणातल्या तुळशीकडे बघायला लागला. दादाने कधीतरी क्यूआर धरला होता, लॉकडाऊननंतरच्या एका गणपतीत. म्हणजे जानेवारीतल्या त्या दिवशी हा डब्यासमोर उभा होता आणि पासवर्ड त्याच्या खिशात होता. रीसेटला इतका कळवळून नको का म्हणाला, तेही समजलं.

"मला वाटलं, कळलं तर बंद कराल."

आई काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "वर ये. काढ फोन. तोंडी सांगत्ये, लिहून घे." आणि जुन्या सवयीने जोड्या-जोड्यांनी सांगायला लागली. पहिली जोडी त्याने घेतली. (पुढचा आकडा मी बदललाय, उगाच येऊ नका.)

"एकोणसाठ," आई म्हणाली.

त्याचा अंगठा हवेत थांबला. "आजी, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?"